बाजाराच्या दिवशीची किल्ली

"लई पानी नको पिऊ गं, बाजार हाय आज."

हे मला उद्देशून नव्हतं. आमच्या दुकानाच्या खालच्या पायरीशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीनं ते आपल्या सुनेला सांगितलं. सुनेनं तोंडाशी नेलेली बाटली तशीच खाली घेतली, झाकण फिरवलं आणि मेथीच्या जुड्यांमागं ठेवून दिली. ती पोटुशी होती, सहावा महिना असेल. थंडी सुरू झाली होती, तरी दुपारचं ऊन आमच्याकडं हिवाळ्यातही चटका देतं.

मी वरच्या पायरीवर सरकी पेंडीच्या पोत्याला टेकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यावर दोन रकाने. डावीकडं काका, उजवीकडं बाई. त्यांच्या खाली आडव्या ओळी: अनुभव, केलेली कामं, खर्चात केलेली बचत, पुढं करणार असलेली बचत.

कितीतरी वर्षं आमच्या नगरपालिकेवर प्रशासक होता. आता निवडणूक लागली होती आणि नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. उभे तसे बरेच जण होते, पण चर्चा दोघांचीच होती. एक माझे सख्खे काका. दोन वेळा नगरसेवक, त्यातल्या दुसऱ्या वेळी खर्च मंजूर करणाऱ्या समितीवर. दुसऱ्या, जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मी नाही गेले. मला लहानपणीच लातूरला मामाकडं ठेवलं होतं, इंग्रजी शाळेसाठी.

बाईंना नगरपालिकेचा अनुभव शून्य होता. पण नगराध्यक्षांची गाडी नको, सत्काराच्या शाली नकोत, येणाऱ्या-जाणाऱ्या पुढाऱ्यांसाठी कमानी नकोत, असं त्या प्रत्येक घरात जाऊन सांगत होत्या आणि लोकांना ते पटत होतं. त्याचा काकांना राग येई.

"बिनअनुभवी माणसानं खर्च कापायचा म्हंजे न शिकलेल्यानं हजामत करायची," ते गिऱ्हाइकांना सांगत. "केस बी जातेत, कान बी जातेत."

गिऱ्हाईक हसे. मीही हसायची. काका विनोदी आहेत, आणि मला आवडतात. मला लातूरला पाठवायला घरात सगळ्यांचा विरोध होता. 'पोरीच्या जातीला कशाला' असं आजोबाही म्हणाले होते. काका एकटेच उठले, माझी पेटी उचलली आणि मला एसटीत बसवून स्वतः सोडायला आले. तेव्हापासून मी त्यांची 'मॅडम'. पुढं नांदेडला कॉलेज झालं, आता घरी राहून परीक्षांचा अभ्यास करते, तरी मॅडमच.

"मॅडम, काय करायलीस? झाला का कागद?"

"होतोय."

"बचतीचं ठळक घाल. बाई नुसती बोलायली, म्या करून दाखवलंय."

त्या कागदाला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. आमच्या गल्लीत सगळी व्यापाऱ्यांची घरं, आणि मधोमध महादेवाचा मठ. नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीआधीच्या सोमवारी, संध्याकाळच्या आरतीनंतर, मठात बैठक बसते. उमेदवार गल्लीतलाच असला तरी तोलल्याशिवाय माप द्यायचं नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात. दोन्ही बाजूंचे कागद वाचले जातात, प्रश्न विचारले जातात, मग घरागणिक मत विचारतात, आणि ठरेल त्यालाच अख्खी गल्ली मत देते. एक नियम मात्र कडक आहे. उमेदवारानं आपला कागद आपण वाचायचा नाही. आपली स्तुती कुणीही मोठ्यानं वाचेल, त्यात काय. त्याच्या घरातल्या, कधी भाषण न केलेल्या माणसानं तो वाचायचा. वाचून झालं की मठाशेजारच्या घरातले अप्पा विचारतात, "कागदावरचं खरं?" वाचणाऱ्यानं पिंडीकडं तोंड करून म्हणायचं, "खरं." तेवढं म्हटल्याशिवाय कागद धरत नाहीत.

आमच्या घरात कधी भाषण न केलेलं माणूस म्हणजे मी. शाळेत बारा वर्षांत मी उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही.

तर त्या बुधवारी मी रकान्यांवरून काकांच्या कागदाचे मुद्दे पक्के करत पाचव्यापर्यंत आले होते. तो मीच लिहिला होता, आदल्या दिवशी, काकांच्या कपाटातली नगरपालिकेची जुनी अंदाजपत्रकं चाळून. 'साप्ताहिक बाजार, महिला स्वच्छतागृह, देखभाल' असा एक खर्च दरवर्षी होता, आणि मग एका वर्षी त्याच्यासमोर नुसती रेघ होती. रेघ कसली म्हणून विचारलं तर काका म्हणाले, "अगं एक कंत्राट होतं, तोडलं. घाल त्यात." मी घातलं. 'बाजारातील अनावश्यक कंत्राट रद्द करून बचत.' वाक्य सरकारी आणि वजनदार वाटलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

सुनेची बाटली मेथीमागं गेली त्यानंतर थोड्या वेळानं मला जाऊन यायचं होतं. घर गल्लीत, दुकान बाजारात, मध्ये बरंच अंतर. मी नेहमीसारखी आत गेले. वजनकाट्यामागच्या भिंतीवर एका खिळ्याला किल्ल्या असतात. गोदामाची, शटरची, काकांच्या गाडीची, आणि लाल सुतळी बांधलेली एक. मी सुतळीवाली घेतली, भाजीच्या पालांमधून वाट काढत बाजाराच्या कोपऱ्यातल्या निळ्या दारापाशी गेले, कुलूप काढलं, आत गेले. आत स्वच्छ होतं. फरशीवर फिनेलचा वास, टाकीत पाणी, दाराला आतून नवी कडी. सुट्टीत घरी आले की बाजाराच्या दिवशी मी तिथंच जाते, लहानपणापासून. आई जाते, काकू जातात, गल्लीतल्या दुकानदारांच्या बायका जातात. किल्ली मागायची, जाऊन यायचं, परत खिळ्याला लावायची.

बाहेर येऊन कुलूप लावताना मी वळले तर मावशी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. आपण दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळात वेळ बघतो तसं.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला सगळं माहीत होतं. अंदाजपत्रकातली रेघ, लाल सुतळी, आणि बाजारभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेल्या बायका. मी ते एकमेकांना जोडलं नव्हतं, एवढंच.

मी किल्ली घेऊन पायरीशी आले आणि मावशीपुढं हात केला.

"मावशी, घ्या."

तिनं आधी गल्ल्याकडं पाहिलं. काका गिऱ्हाइकाशी बोलत होते. "कशाची?"

मी निळ्या दाराकडं मान केली. मोठ्यानं म्हणणं मला जमलं नाही.

"नको माय. एक गेली की धा येतेत. मंग शेठ म्हनतेत, घान केली."

"यांना तरी जाऊ द्या."

सून अर्धी उठली होती. मावशीनं तिचा हात धरून खाली बसवलं. "बस. साडेपाचची मुखेड गाडी हाय. ष्टँडावर जाऊ."

सून हसली, म्हणाली, "आत्याबाई, पोटातल्याला काय ठावं आज बाजार हाय म्हनून? आतून लाथा हाणायलंय."

"हाणू दे. गावाकडं गेल्यावर पी घागरभर." मग मावशी माझ्याकडं वळली, आवाज उतरवून. "डाक्टर तर उलटंच सांगतेत तिला. पानी पी म्हनतेत. त्यांना काय, त्यांच्या दवाखान्यात सोय हाय."

मी किल्ली मुठीत धरून आत गेले आणि खिळ्याला लावली. सुतळी घामानं ओली झाली होती.

संध्याकाळी पालं उठली, रस्त्यावर कोबीची पानं तेवढी उरली. मी काकांना विचारलं. तीन-चार वेळा मनात म्हणून मग विचारलं.

"काका, पाचवा मुद्दा काढू का?"

"कामून? तोच तर जोराचा हाय. बाईकडं असा एक तरी हाय का, करून दाखवलेला?"

"पण ते बंद कुठं आहे? आपण वापरतो."

काकांनी हातातलं वजन पारड्याशेजारी ठेवलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तू ल्हान होतीस. ते कंत्राट घेतलेला यायचाच न्हाई. आत पाय ठेवायला जागा नसायची. बिल मात्र टायमावर. म्या तोडलं, कुलूप लावलं, पदरचा माणूस लावून धुऊन घेतो. आत्ता जाऊन आलीस ना? कसं हाय?"

"स्वच्छ आहे."

"मंग? नीट ठेवलं हे चुकलं का माझं?"

ते खरंच स्वच्छ होतं, आणि पदरचा माणूसही खरा होता.

"आणि बाजारातल्या बायका?"

"त्यांना सवय हाय गं," काका म्हणाले आणि पुन्हा वजनं लावू लागले. मग मला धीर द्यावा म्हणून की काय, हसले. "सोमवारी मोठ्यानं वाच. तुझा आवाज माठातून आल्यावानी येतो."

मी घरी जाऊन पाचवा मुद्दा खोडला. चार मुद्दे उरले, ते अगदी पुरेसे होते. पण मी दुकानातून निघण्याआधीच काकांनी लॅपटॉपवरची पाचही मुद्द्यांची फाइल नांदेडच्या छापखान्यात पाठवली होती. शनिवारी एसटीच्या पार्सलनं गठ्ठे आले. सुतळी सोडून वरचा कागद उचलला तर त्यात पाचही मुद्दे होते, आणि पाचवा सगळ्यांत ठळक.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तरी रविवारी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "उद्या वाच आणि बस. मधे काही बोलू नको."

"मी कधी बोलते?"

"म्हणूनच सांगायले. न बोलणारी माणसं भलत्या वेळी बोलतात." परातीत पीठ घेत ती थांबली. "तुझ्या काकांनी केलं नसतं तर तू इथंच चुलीशी असतीस. माझ्यासारखी."

"आई, तूही ती किल्ली घेतेस ना?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "घेते. म्हणून तर सांगायले, बोलू नको."

सोमवारी मठ भरला होता. पुरुष पुढं सतरंजीवर, बायका डावीकडच्या खांबांपाशी. भस्म आणि कापराचा वास, पंखा नुसता आवाज करणारा. काका पहिल्या रांगेत, पांढरे शुभ्र. बाई खांबापाशी, बायकांत. पायातली चप्पल बाहेर स्वतः काढून नीट कडेला ठेवताना मी त्यांना पाहिलं होतं.

बाईंचा कागद आधी. त्यांच्या भाच्याची बायको उभी राहिली. कागद वहीतून फाडलेला, हातानं लिहिलेला.

"अनुभव," तिनं वाचलं. "नगरपालिकेचा नाही. शाळा चालवण्याचा आहे."

पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं. मग गाडी, शाली, कमानी आल्या आणि माना हलल्या. काकांची मान हलली नाही. शेवटी ती म्हणाली, "एक खर्च वाढवणार. बाजारातलं बायकांचं संडास उघडून तिथं कामाला माणूस ठेवणार."

मठात, पिंडीसमोर, तो शब्द पडला तेव्हा पुरुषांत खसखस पिकली. माझे कान गरम झाले, जणू मीच म्हणाले होते.

"बाई," कापड दुकानवाले म्हणाले, "काटकसर म्हनता, आन् पैल्यांदा खर्चच?"

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुम्ही घरात काटकसर करता तेव्हा मोरीला कुलूप लावता का हो?"

या वेळी हसू बायकांच्या बाजूनं आलं. अप्पांनी हात वर केला. "कागदावरचं खरं?"

"खरं," भाच्याची बायको म्हणाली आणि बसली.

मग मी. माझा कागद छापील, गुळगुळीत, वर काकांचा फोटो. पहिला मुद्दा वाचला. दुसरा, तिसरा, चौथा. आवाज माठातूनच येत होता, पण येत होता. पाचव्यापाशी मी थांबले. सगळ्यांना वाटलं श्वास घ्यायला थांबले. मी तोही वाचला. 'बाजारातील अनावश्यक कंत्राट रद्द करून बचत.' कागदावर जे आहे ते वाचायचं हे माझं काम, असं मी स्वतःला सांगितलं.

"ते कंत्राट कशाचं होतं?" बाईंनी विचारलं.

माझ्याकडं नाही, काकांकडं बघून विचारलं. मला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाजही.

काका उठले, उपरणं सारखं केलं. "त्याच संडासाचं, बाई. पन बंद करन्यावाचून इलाज नव्हता. पाइप फुटलेले, टाकी गळायलेली. आज बी तसंच पडून हाय. उघडायचं म्हंजे सगळं नव्यानं बांधायचं. म्हनून म्हनतो, अनुभव लागतो. बाहेरून बघून न्हाई कळत."

लोकांनी माना डोलावल्या. कापड दुकानवाले म्हणाले, "हाव, बरोबर हाय." त्यांच्या घरच्या वहिनी गेल्या बुधवारी माझ्या हातून किल्ली घेऊन गेल्या होत्या. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. त्या जमिनीकडं बघत होत्या. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. किल्ली वापरलेल्या किमान दहा जणी तिथं बसलेल्या होत्या.

काका असं बोलतील हे मला माहीत नव्हतं. दुकानात, माझ्याशी, ते खरं बोलले होते. मला वाटतं, तोवर त्यांनाही माहीत नसावं. प्रश्न आला आणि उत्तर तोंडात आलं, गिऱ्हाइकाला भाव सांगताना येतं तसं. ते बसले आणि माझ्याकडं पाहून त्यांनी हलकेच मान हलवली. झालंच आता, एक शब्द राहिला, अशी. लातूरच्या शाळेच्या फाटकात मी रडत होते तेव्हा त्यांनी अशीच मान हलवली होती.

अप्पा खूप म्हातारे आहेत. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून ते आवाजाच्या दिशेनं बघतात. माझा आवाज थांबला होता, त्यामुळं ते थोडे बाजूला, खांबाकडं बघत होते.

"कागदावरचं खरं का, पोरी?"

मी पिंडीकडं वळले. बेलाची पानं, वर थेंब थेंब गळणारं पाणी. तांब्याच्या अभिषेकपात्रातून ते दिवसभर गळत असतं, कुणी ते बंद करत नाही. 'खरं' हा किती लहान शब्द. म्हटला की बसता आलं असतं. बसले की घरी जाता आलं असतं, आणि घरी काका म्हणाले असते, शाब्बास मॅडम.

"पोरी?" अप्पा पुन्हा म्हणाले.

मागून आईनं माझ्या ओढणीचं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. मला मेथीच्या जुड्यांमागची बाटली दिसली, झाकण घट्ट लावलेली, आत जवळजवळ सगळं पाणी तसंच. परवा पुन्हा बुधवार होता.

शाळेत हात वर करायचा असतो तसा माझा हात थोडा वर आला. का, ते मला माहीत नाही. सगळ्यांनी हाताकडं पाहिलं. मी तो खाली घेतला, आणि काकांकडं न बघता म्हणाले,

"चार खरे आहेत, अप्पा. पाचवा नाही. ते संडास चालू आहे, टाकीत पाणी आहे. किल्ली आमच्या दुकानात खिळ्याला आहे, लाल सुतळीची, आणि मागच्या बुधवारी मीच ते वापरलंय."